मिश्री कोणी लावली

आई,

मंगळवारी माझी खालची दाढ काढली. किडलेली नव्हती. तुझे दात जसे पडायचे तशीच निघाली, अख्खी, मुळासकट. डॉक्टरीणबाईंनी चिमट्यात धरून मला दाखवली आणि म्हणाल्या, "दाढ चांगली होती काकू, तिला धरून ठेवणारं हाड गेलं." तू जाऊन एकोणीस वर्षं झाली. तुझ्या दातांचं काय झालं होतं हे मला आता कळलं, तेही अर्धं तोंड बधिर झालेलं असताना.

पहिल्यापासून सांगते. दिवाळीनंतर ही दाढ हलायला लागली. मी कोणाला बोलले नाही, दुसऱ्या बाजूने चावत राहिले. पण तुझी नात आता नोकरीला लागली आहे आणि घरात सगळ्यांवर हुकूम सोडते. तिनेच परस्पर अपॉइंटमेंट घेतली. इथे वाघोलीत आमच्या सोसायटीसमोरच मेडिकलच्या वर दवाखाना आहे. डॉक्टरीणबाई तिशीच्या असतील, बोलणं गोड आणि नजर पोलिसाची. त्यांनी विचारलं, हिरड्यांतून रक्त येतं का? मी ताठ बसून सांगितलं, आमच्या घराण्यात कधी कोणाच्या हिरड्यांतून रक्त आलं नाही. तू हेच सांगायचीस, अगदी ह्याच तोऱ्यात. शेजारची काकू ब्रश करताना लाल थुंकायची तेव्हा तू म्हणायचीस, "तिच्या हिरड्याच कच्च्या हाईत. आमच्या दगडावानी हाईत." बाईंनी एक बारीक सळई घेतली, तिच्यावर मापाच्या खुणा होत्या. ती दात आणि हिरडीच्या फटीत घालून एकेक आकडा मोठ्याने म्हणायला लागल्या. चार, पाच, सहा, सात. तीनपर्यंत ठीक असतं म्हणे. मग सळई खाली ठेवून विचारलं, "तंबाखू?" मी म्हटलं, "छे." त्यांनी आरसा माझ्या हातात दिला, ओठ खाली ओढून आतली तपकिरी हिरडी दाखवली आणि म्हणाल्या, "मग ही मेंदी लावली का काकू?"

मी कॉलेजच्या ऑफिसात सव्वीस वर्षं काढली, मुलांना तंबाखूबंदीची पत्रकं मीच वाटते. मिश्री लावते हे ऑफिसात कोणाला माहीत नाही. त्या दिवशी खुर्चीत आडवं पडून कबूल करावं लागलं.

मग त्यांनी समजावून सांगितलं ते तुला सांगायला हवं. तंबाखूने हिरडीतल्या रक्ताच्या बारीक नळ्या आवळतात. आत आजार असतो, हिरडी दातापासून सुटत असते, खाली हाड झिजत असतं, पण रक्त येत नाही. ज्याला मिश्री नाही त्याला रक्त दिसतं, तो घाबरून दवाखान्यात जातो. आपल्याला काहीच दिसत नाही. चोराने कुत्र्याला भाकरी टाकून गप्प करावं तसं झालं आपलं, आणि आपण म्हणत बसलो की कुत्रा भुंकत नाही म्हणजे घर सुरक्षित आहे. शेजारच्या काकूचे दात सत्तरीपर्यंत शाबूत होते, आठवतंय ना. तुझे पन्नाशीच्या आत संपले.

आपल्या लोणी गावच्या त्या स्वयंपाकघरात तू तव्यावर तंबाखू भाजायचीस. ठसका लागायचा म्हणून आम्हा पोरांना अंगणात हाकलायचीस. पान काळं झालं की चुरायचीस, डबीत भरायचीस, आणि सकाळी उंबऱ्यात बसून बोटाने दातांवर फिरवत अर्धा तास कोणाशी बोलायची नाहीस. तेवढाच तुझा स्वतःचा वेळ. तो आजही मला समोर दिसतो, तू बसली आहेस, बोट तोंडात, नजर उसाच्या दिशेला, आणि दादा आतून चहा मागतायत आणि तू ऐकतच नाहीस. नंतर दात हलायला लागले. तू ते बोटाने हलवून हलवून स्वतःच काढायचीस. माझ्या लग्नात पंगतीला तू शेवटी बसलीस आणि जिलबी आमटीत बुडवून मऊ करून खाल्लीस. बायका हसल्या, तूही हसलीस, तोंडावर पदर धरून. मला लाज वाटली होती. तुझी वाटली होती, आता लपवून काय करू?

उपचार चार वेळा झाले. इंजेक्शन देऊन हिरडीच्या आतून मुळं खरवडून साफ केली, तोंडाचा एकेक भाग. दुखलं नाही, पण तो खरखर आवाज डोक्यात बसतो. हलणारी दाढ वाचणार नाही हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. बाकीचे दात राहतील, पण मिश्री सुटली तर. सोडली. पहिल्या आठवड्यात पोट साफ होईना, डोकं भणभणायचं, ऑफिसात एका प्राध्यापकांना मी असं काही बोलले की ते अजून आमच्या ऑफिसाचं दार टाळून स्टाफरूमच्या दाराने जातात. तिसऱ्या आठवड्यात ब्रश केला आणि बेसिन गुलाबी झालं. जन्मात पहिल्यांदा. माझी खात्री पटली की ह्या बाईने खरवडून माझ्या चांगल्या हिरड्यांची वाट लावली. दोन दिवस गुपचूप मिश्री लावली. रक्त बंद. मी विजयी मुद्रेने भांडायलाच गेले.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "रक्त थांबलं ते मिश्री लावून ना?" त्या म्हणाल्या, "काकू, आजार आधीही होताच, आता तो दिसायला लागलाय एवढंच. लपवू नका, नीट घासा, आपोआप कमी होईल." तसंच झालं. महिन्याभरात रक्त थांबलं, मिश्री न लावता. सातचे पाच झाले, काही ठिकाणी चार.

पहिल्याच दिवशी, आरशात हिरडी बघून मी पकडले गेले तेव्हा, त्यांनी विचारलं होतं की सवय कधीपासून, कोणी लावली. मी म्हटलं, "आईने. दहा वर्षांची असताना दाढ दुखत होती तेव्हा." त्यांनी मान हलवली, "त्या पिढीला कुठे कळत होतं," म्हणाल्या आणि लिहून घेतलं.

आई, तू नाही लावलीस. मी दहा वर्षांची असताना तुझ्या डबीतली चिमूटभर घेऊन गोठ्यामागे बसले होते. तू शोधत आलीस, मुस्काटात दिलीस, घागरीतल्या पाण्याने माझं तोंड खळाखळा धुतलंस. म्हणालीस, "माझं गेलं ते गेलं. तुझ्या तोंडात ही घाण गेल्याली मला खपायची न्हाई." मी सुरू केली ती सव्वीसाव्या वर्षी, बाळंतपणानंतर, सासूच्या सोबतीला बसून, पूर्ण शुद्धीत. तू एकदा राहायला आलीस आणि विचारलंस, "लावतीस का गं?" मी नाही म्हटलं. तू माझ्याकडे बघत राहिलीस आणि मग भाजी निवडायला घेतलीस.

मंगळवारी दाढ काढून, कापूस चावत मी बाहेर बाकावर बसले होते. शेजारी केसनंदहून आलेली एक बाई, बरोबर तिची बारा-तेरा वर्षांची मुलगी. दोघींच्या हिरड्या तसल्याच असणार, कारण डॉक्टरीणबाई दारात येऊन त्या बाईला म्हणाल्या, "पोरीला तुम्हीच लावायला देता ना? ह्या काकूंकडे बघा. ह्यांनाही लहानपणी आईनेच लावली होती." ती बाई माझ्याकडे वळली. मुलगीही बघत होती. बाईने हळूच विचारलं, "व्हय का ओ? आईनंच लावली?"

तोंडात कापूस होता, बोलता आलं नसतं हे खरं. पण नाही म्हणायला मान आडवी हलवता आली असती. मी उभी हलवली.