अर्जंटचा लाल दोरा

३ मार्च

आज आलेल्या सगळ्या कपड्यांना लाल दोरा! लाल दोरा म्हणजे अर्जंट, हा दुकानाचा नियम मीच घातला. आता बिनदोऱ्याचं गाठोडं शोधावं लागतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अर्जंट आहे, पण घाई नाही." काय करावं माणसाने? बाळाचं झबलं अर्जंट हवं म्हणणारी न्यायला आली, तेव्हा बाळ दुकानभर पळत होतं.

बिनदोऱ्याची एकच पँट — समोरच्या घड्याळवाल्यांची. दोन बोटं आखूड करायची. "सावकाश होऊ द्या." बायको गेल्यापासून एकटेच असतात. असं बोलणारा माणूस जगात एवढाच उरला असावा.

४ मार्च

त्यांची पँट सकाळीच करून टाकली. लाल दोरे सगळे बाजूला सारून. का, ते विचारू नये.

७ मार्च

ते आले. पँट इस्त्री करून खणात होती. माझ्या तोंडून निघालं, "अजून झाली नाही हो." ते चक्क खूश झाले, चहा घेऊन निवांत गेले.

नणंदबाई आतून बघत होत्या. "वहिनी, दोन बोटांना किती दिवस लागतात?" मी मशीन जोरात चालवलं. मग हळूच म्हणाल्या, "दादाला जाऊन बरीच वर्षं झाली. बसवत जा त्यांना."

१४ मार्च

पुन्हा आले. पुन्हा झाली नाही!

माझं भिंतीवरचं घड्याळ थंडीपासून त्यांच्याकडे दुरुस्तीला पडलंय. विचारलं, तर कसनुसं हसले. "पार्टच मिळत नाही." बिचारे. म्हटलं, राहू द्या, अर्जंट नाही.

२२ मार्च

चहावाला सांगून गेला — एक तारखेला दुकान बंद करून ते लेकीकडे राहायला जाणार.

पँट द्यावी, तर येणं संपलं. न द्यावी, तरी जाणारच. दिवसभर बाह्या उलट्या लावल्या नि उसवल्या. फार वाईट वाटतंय. इथे लिहायला काय हरकत आहे?

२३ मार्च

नणंदबाई मनगटी घड्याळाचा पट्टा बदलायला समोर गेल्या होत्या. हसू दाबत आल्या. "वहिनी, तुमचं घड्याळ त्यांच्या आतल्या भिंतीवर मस्त चाललंय. वेळसुद्धा बरोबर. मला पाहिलं आणि घाईघाईने त्यावर टॉवेल टाकला."

घाईघाईने. त्यांनी.

पँटला लाल दोरा बांधलाय. स्वतःच देऊन येते.