बर्फाच्या सोसायटीचा नवा सर्व्हर

चेंदणी कोळीवाडा, ठाणे
रविवार, ११ ऑक्टोबर १९९८

प्रिय दादा,

वाकून नमस्कार लिहिणार होते, पण समोर असलास की तू वाकू देत नाहीस, तेव्हा उभ्या उभ्याच घे. इकडे सगळे मजेत आहोत. आईचा गुडघा कुरकुरतोय, तरी रोज गच्चीवर चढून सोडे वाळत घालतेच. नीलावहिनीसाठी त्यातले थोडे बांधून ठेवलेत. पुण्यातही सोडे मिळतात असं मी म्हटलं, तर आई म्हणाली, ते सोडे नव्हेत.

माझं म्हणशील तर स्थळं येतात, चहा पिऊन जातात. मी मुलांना फार प्रश्न विचारते अशी आईची तक्रार आहे. विचारते खरी. सोसायटीचा सर्व्हर निवडताना महिना घालवला, मग नवरा काय एका चहात निवडायचा?

झालं, विषय निघालाच. तू दोनदा फोनवर विचारलंस आणि दोन्ही वेळा मी रिसिव्हर आईच्या हातात दिला. तर ऐक. कमिटीची मीटिंग झाली, मशीनही आलं. त्यावर लिनक्स घातलंय. तुमची कंपनी विकते ते विंडोज एनटी नाही घेतलं.

लगेच बाबांवर घसरू नकोस. तुझ्या मनात काय येणार ते मला इथे बसून कळतंय. तीन वर्षांपूर्वी तू आपल्या मच्छीमार सोसायटीचा पहिला कॉम्प्युटर अर्धवट टाकून पुण्याला गेलास. बर्फ घ्यायला येणाऱ्या बायका बाबांना रस्त्यात अडवून विचारायच्या, चेअरमन, तुमचा डबा कधी चालणार? बाबांनी खाली मान घालून ते ऐकलं, आणि तेव्हापासून तुझं नाव घेतलं नाही. नुसतं 'हिचा भाऊ'. त्यामुळे तुमचं कोटेशन आलं तेव्हा मलाही वाटलेलं की ते उघडायचेच नाहीत.

आधी कामाचं सांगते. एनटी वाईट नाही, दादा. तू पाठवलेली सीडी मी नीट चालवून पाहिली. दिसायला झकास. कल्याणच्या काउंटरवरचा काळुराम तर त्यावर पत्ते खेळायला बसला तो उठेना. पण आपला कल्याणचा काउंटर फोनच्या तारेवर चालतो. त्या तारेतून नुसती अक्षरं पाठवली तर पटकन जातात. तुमच्या पद्धतीने सगळा डेटा इकडून तिकडे न्यायचा म्हणजे बायका टोपल्या घेऊन ताटकळणार. शिवाय प्रत्येक काउंटरला नवा कॉम्प्युटर हवा. लिनक्स कॉम्प्युटरच्या एका मासिकाबरोबर सीडीवर फुकट आलेलं. ते जुन्या कॉम्प्युटरच्या खोक्यात घालून महिनाभर चालवलं, तर आपले जुने हिरव्या अक्षरांचे टर्मिनल त्याला चालले. कल्याणला काही अडलं की मी ठाण्याच्या ऑफिसातल्या खुर्चीतून बघते. मला ते आवडलंच, खोटं कशाला बोलू?

आता मीटिंग. बाबा उठले आणि कोणी विचारायच्या आत म्हणाले, "एनटी घ्या. माझ्या पोराची वस्तू हाय, त्यान खोट नसंल."

 कमिटीतल्या दौलतकाकांनी चष्मा काढून पुसला. बाबांनी कमिटीसमोर तुझी बाजू घेतली, तीन वर्षांनी, आणि मी उठून उभी राहिले आणि नको म्हणाले.

तर एनटी मी नाकारलं. बाबांनी नव्हे. हेच लिहायला धीर होईना म्हणून मी सोड्यांपासून सुरुवात केली. तुझ्या कंपनीत तुझी पंचाईत झाली असेल तर मला वाईट वाटेल, पण निवड चुकली असं मला वाटत नाही.

दौलतकाकांनी बरोबर मेख मारली. भिवाजीच्या परशुरामची कंपनी निदान हमीचा कागद देते, म्हणाले. फुकटच्या सीडीमागे कोण उभं आहे? बिघडलं तर धरायचं कोणाला? मी म्हटलं, मला धरा. तशी कल्याण बाजारातली मनुबाई, सभासदांची प्रतिनिधी, मागून बोलली, "पहाटं बर्फ नाय भेटला तं माझा माल दुपारपर्यंत गेला. मंग तुला धरून मी काय करू?"

 मी तिला एवढंच सांगितलं की महिनाभर तुला बर्फाची चिठ्ठी याच खोक्यातून मिळतेय, तुला कळलं तरी का? मनुबाई म्हणाली, नाय कळला. मग तिनेच पहिला हात वर केला. बाबांनी सगळ्यांत शेवटी केला, पण केला.

मी खाली बसणार तोच बाबांनी विचारलं, "आनि तू आजारी पडलीस तं? दुसरा कोन?" मी काळुरामचं नाव घेतलं. पत्ते खेळणारा नको, म्हणाले. दुसरं नाव माझ्याकडे नव्हतं. तेव्हा बाबाच म्हणाले, "परशुरामला सांग."

बाबा 'परशुराम' म्हणाले, दादा. 'हिचा भाऊ' नाही. मी मिनिट्स लिहीत होते, मला पुढचं काही दिसेना.

मशीन आलं त्या दिवशी मी त्याचा मुख्य पासवर्ड ठरवला. बाबा शेजारी बसून होते. मी टाइप करायला लागल्यावर तोंड भिंतीकडे फिरवलं. मशीन लागलं, मनुबाईचं नाव पडद्यावर आलं, तेव्हा चहा सांगितला. दुसऱ्याला पासवर्ड कळव म्हणून मागेच लागले. मी म्हटलं, आजच दादाला पत्र लिहिते. तर म्हणाले, पत्रात नको. मग फोन करते. फोनवरही नको. बाबा, मग कळवू कसं? तेव्हा कपातला चहा बशीत ओतत म्हणाले, "घरी येऊ दे त्याला. मंग सांग."

तेव्हा पासवर्ड या पत्रात नाही. तो तुला फक्त आपल्या घरात मिळेल. वहिनीला घेऊन ये, सोडे आयतेच नेता येतील. आणि आल्यावर माझ्याशी हवं तेवढं भांड, मी तयारीत आहे.

खालची दुसरी सही बाबांची आहे. पत्र वाचून दाखवू का विचारलं, तर नको म्हणाले. कोरी जागा कुठे आहे एवढंच विचारलं.

तुझी,
हेमा

भिवाजी