अक्काचे डोळे राहिले आहेत

३ नोव्हेंबर, केज
एकतिसावे चित्र पूर्ण. हाही माणूस मी कधी पाहिला नव्हता. माझ्याकडे येतात ते गेलेल्यांचे मोबाइलवरचे फोटो. पुढे चौकट, हार, वर्षश्राद्ध. जिवंत माणूस समोर बसायला तयार होत नाही. भिंतीवरची तसबीर ही गेलेल्याचीच, असे सारे गाव मानते. निवृत्तीनंतरची सहा वर्षे नकला करण्यात गेली. यातला एकही चेहरा माझा नाही.

८ नोव्हेंबर
थोरली बहीण अक्का भाऊबीजेला चकलांब्याहून आली ती अजून आहे. आज आपण होऊन म्हणाली, "मला काड की. मेल्यावर काडलेलं मला कुठं दिसनार हाय?"
उद्यापासून स. ९ ते १०, उत्तरेची खिडकी. कुंचले आजच धुऊन ठेवले.

११ नोव्हेंबर
तिसरी बैठक. नोंदवून ठेवतो: चेहऱ्याचा रंग एक नसतोच. कपाळ पिवळसर, गाल तांबूस, हनुवटी करड्या-हिरव्याकडे झुकणारी. विभूतीचे पट्टेही पांढरे नाहीत. शुद्ध पांढरा लावला की ते कपाळापासून सुटून येतात, म्हणून त्यात त्वचेचाच रंग किंचित मिसळावा. एकाही फोटोने मला हे सांगितले नव्हते! अक्काची बडबड अखंड, त्यात वडिलांचीही आठवण. "नाक आप्पांचं काडू नगंस, माजं काड."
डोळे नेहमीप्रमाणे शेवटी. उद्या.

१२ नोव्हेंबर
सकाळी अक्का न्हाणीत चक्कर येऊन पडली. अंबाजोगाईच्या दवाखान्यात नेले. रक्तदाब.
दुपारी तिचा मुलगा भानुदास आला. चित्राकडे पाहिले, मग माझ्याकडे. "मामा, तुमी शिकलेले हायत, तुमाला काय सांगावं. पर त्याच्यावर फडकं टाका." माझ्या पत्नीने, सुशीलाने, जुने लुगडे आणून टाकले.

१४ नोव्हेंबर
कारणे क्रमाने मांडली. वय अठ्ठ्याहत्तर. गोळ्या आठवडाभर घेतल्याच नव्हत्या, हे आता कळले. त्यात सोमवारचा उपास. चित्राचा संबंध शून्य. चौतीस वर्षे विज्ञान शिकवले, वर्गात हेच सांगितले.
सिद्धता पूर्ण झाल्यावर लुगडे काढायला उठलो.
काढले नाही.

१९ नोव्हेंबर
अक्काला सोडले. भानुदास चकलांब्याला नेणार होता. तिने भांडून जीप इकडे वळवायला लावली. आल्याबरोबर, काठी टेकत, लुगडे तिनेच ओढले. "कावून रे, बिनडोळ्याचीच ठेवतू व्हय मला?"
म्हणालो, आज उजेड बरोबर नाही. बाहेर लख्ख ऊन होते.
भानुदासला निदान भीती कबूल करता येते. मी कोणत्या तोंडाने करू? मग इतक्या मुलांना मी काय शिकवले, हा प्रश्न

२० नोव्हेंबर, स. ९.१०
अक्का विभूती लावून समोर बसली आहे. कालच्यापेक्षा चेहरा ओढलेला. रंग कालवून तयार, कुंचला भिजवून ठेवला आहे. चित्र टेकवलेल्या इझलच्या आड मांडीवर ही वही. मी रंगवतो आहे, असे तिला वाटते.
"मान सरळ हाय न्हवं?"
"सरळ आहे."
"मंग बोलू नगंस. काड."