कॅसेटमध्ये मागून हसणारा

कुवेत, मार्च १९८४

सौ. प्रेमास,

मी खुशाल आहे. लढाई इराण-इराकची, इथं काही नाही. आईला तसं सांग. तिचे गुडघे कसे आहेत?

काल दवाखान्यात आम्हा कर्मचाऱ्यांना गॅसचा मास्क घालायला शिकवलं. आधी महायुद्धातली एक कार्टून फिल्म दाखवली, सैनिकांना हसवत शिकवणारी. त्यात एक बावळट शिपाई बायकोचं पत्र वाचत बसतो. आपल्यामागे तिच्याकडे कोण येत असेल, या विचारात त्याला भोंगाच ऐकू येत नाही आणि तो गॅसनं हिरवागार होऊन पडतो. हॉलभर हशा! मी नाही हसलो.

तू पाठवलेली कॅसेट मी रोज ऐकतो. बंड्याचे पाढे संपल्यावर मागे एक पुरुष हसतो. बाबा तसे हसत नाहीत. आणि तू म्हणतेस, “अजून थोडा चहा घ्या ना.” मला कधी इतक्या गोडीनं म्हणालीस? पंखा बिघडल्याचं लिहिलं होतंस, तो दुरुस्त करायला कुणी आला असेल, तर पंखा करावा आणि जावं.

फिल्मनंतर सरावाचा भोंगा वाजला. सगळ्यांनी मास्क चढवले. मी एकटाच उघड्या तोंडानं बसलेला. पुन्हा हशा.

उलट टपाली त्याचं नाव कळव. उद्या परत सराव आहे, आणि खरा भोंगा कधी वाजेल कुणी सांगावं.

तुझाच,
हरिश्चंद्र