तेवीस पानांचे तेवीस कोपरे

सातारा,
गुरुवार, दि. १८ नोव्हेंबर १९९९

आदरणीय धनाजी दाजी यांना मिलिंदचा सप्रेम जयभीम, आणि मायाआक्काला जरा लांबूनच जयभीम.

इकडं सगळे जिवंत आणि खुशाल आहेत. (हे वाक्य मुद्दाम पहिलं घातलंय. का, ते पुढं कळेल.) तुमचा गुडघा कसा आहे? थंडीत मोटारसायकलला किका मारत बसू नका, पोरांना ढकलायला लावा. आबांच्या माधवनगरच्या घराला शुक्रवारपासून कुलूप आहे म्हणून आक्कानं सांगली डोक्यावर घेतली असणार. तुमच्या शेजारच्या दुकानात फोन करून "आबा माझ्याकडं आहेत" एवढं मी कळवलं होतं. पण आक्कानं "का?" असं विचारलं, आणि एसटीडीवाल्याचं मीटर बघून मी फोन ठेवला. त्या "का?"चं उत्तर हे पत्र.

तुम्हाला ठाऊकच आहे, सरकारी कारकुनी सोडून मी इथं एमआयडीसीत कंप्युटर कंपनीत आलो तेव्हा आबा म्हणाले होते, "कायम झाल्याचा कागद घेऊन यं. तवर उंबरा चढू नगंस." त्यानंतर चौदा महिने अबोला. दिवाळीला मी पाठवलेलं कार्डसुद्धा त्यांनी उघडलं नाही म्हणे. आई गेल्यावर त्या घरात ते एकटे आणि या खोलीत मी एकटा, आणि मध्ये तो न मिळालेला कागद.

तर आमच्या कंपनीनं माधवनगरच्या एका कापड गिरणीसाठी वेबसाइट बनवली. म्हणजे लांबच्या व्यापाऱ्यानं कंप्युटरवर ब्राउझर उघडायचा आणि त्यातच चादरींची ऑर्डर भरायची. (व्यापाऱ्याकडं कंप्युटर आहे का, हे अजून कुणी विचारलेलं नाही.) ती नीट चालते का हे तपासायला एक प्रोग्रॅम आहे. तो रोज सकाळी आपला आपण ब्राउझर उघडतो, बाण फिरवतो, खोट्या नावानं चादरी मागवतो, अशा बेचाळीस चाचण्या करतो आणि गप्प बसतो. काय जमलं, काय बिघडलं, अवाक्षर नाही. अगदी आबा! म्हणून आमचे मालक बाळासो यांनी त्याला जोडायचा एक प्लगिन आणला. झालेल्या प्रत्येक चाचणीचा पास-नापास रिपोर्ट लिहिणं हेच त्याचं काम. "ह्यो बसव. गिरणीनं रिपोर्ट मान्य केला की त्याच दिवशी तुझा कागद," बाळासो म्हणाले.

मी बसवला. तीन दिवस कोरी पानं आली. चौथ्या दिवशी रिपोर्ट आला: नापास शून्य! बाळासोंनी किलोभर कंदी पेढे आणून शेजारच्या नटबोल्टच्या कारखान्यापर्यंत वाटले. विजयमाला (आमच्यात डोकं ठिकाणावर असलेली ही एकटीच) तिसरा पेढा तोंडात टाकत म्हणाली, "आवं, पण बसली किती हुती परीक्षेला?" बघतो तर एकूण चाचण्याही शून्यच. त्या कुठं ठेवल्यात ते मी प्लगिनला चुकीचं सांगितलं होतं. कुणी परीक्षेला बसलंच नव्हतं, मग नापास कोण होणार! पेढे तर पोटात गेले होते.

शेवटी गेल्या बुधवारी खरा रिपोर्ट आला: एकूण बेचाळीस, पास अडतीस, नापास चार. पानं तेवीस. चार तर चार, खरं तेच पाठवू असं ठरलं. पण बाळासोंनी आणलेला प्लगिन निघाला फुकटातला, नमुन्यादाखल देतात तसला, आणि तो प्रत्येक पानाच्या वरच्या कोपऱ्यात "ही नमुना प्रत आहे" असं इंग्रजीत छापत होता. गिऱ्हाइकापुढं अब्रू जाईल म्हणून बाळासो आणि मी पट्टी लावून तेवीसच्या तेवीस कोपरे फाडले. दाजी, आई गेली तेव्हा पाव्हण्यांना मयत कळवणारी कार्डं कोपरे फाडून पेटीत टाकणारा मीच होतो हो! तरी माझ्या टाळक्यात काही आलं नाही. उलट काय सफाईनं फाडलेत, म्हणून मी बाळासोंचं कौतुक केलं.

गिरणीत टपाल कोण उघडतं? आबांचे जुने सोबती कोंडीबाकाका. इंग्रजी त्यांना नावापुरतं येतं. लिफाफ्यातून निघाली फाटक्या कोपऱ्यांची तेवीस पानं, आणि चाचणी चालवणाऱ्याचं नाव प्लगिन वर ठळक छापतो, ते: मिलिंद. काकांनी कागद तिथंच टाकले, रिवाजाप्रमाणं नळाखाली कपड्यानिशी अंघोळ केली आणि तसेच निथळत आबांच्या दारात गेले. "तुमचा मिलिंद..." एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

आबांनी कुलूप लावलं, किल्ली काकांच्या हातात दिली आणि अनवाणी एसटी गाठली. पाच वाजता आमच्या फाटकावर येऊन वॉचमनला विचारलं, "मिलिंदला कुठं ठिवलाय?" तो म्हणाला, "आत हायत की, कंप्युटरपाशी." आबा आत आले. मी "आबा!" म्हणालो आणि फाडकन कानाखाली बसली. मग त्याच हातानं जवळ ओढून चौदा महिन्यांचं एकदम रडले. मी रडलो, विजयमाला रडली, बाळासो पाणी आणायला म्हणून गेले ते बराच वेळ आलेच नाहीत. दाजी, इतकं बरं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

गिरणीचे मॅनेजर फोनवर पोट धरून हसले. "आपल्याच चार चुका आपण होऊन दाखवणारी माणसं पहिल्यांदा भेटली," म्हणाले आणि रिपोर्ट मान्य केला. सोमवारी मी कायम झालो. चष्मा माधवनगरलाच राहिल्यानं आबांनी तो कागद माझ्याकडून तीनदा वाचून घेतला. आता ते रोज माझ्यासोबत ऑफिसात येतात, स्टुलावर बसून आपोआप फिरणारा बाण बघतात आणि रिपोर्ट आला की विचारतात, "किती ऱ्हायली रं?" त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलंय, "तुजं समदं पास झालं की जाईन. अर्ध्यात काम टाकून उठणं मला न्हाई जमत." संध्याकाळी पिठलं करतात. आईच्या हाताची चव नाही, पण घरातलीच आहे.

पोरांना पापा. आक्काला म्हणावं, रागव पण जेवून घे.

तुमचा,
मिलिंद

ता. क. १. पत्र लिहिण्याचं खरं कारण राहिलंच. कोंडीबाकाकांकडून किल्ली घेऊन आबांच्या चपला, दोन सदरे आणि कोनाड्यातला चष्मा सातारा गाडीच्या कंडक्टरकडं द्या.

ता. क. २. या पत्राचे चारही कोपरे मी पाकिटात घालताना मोजलेत. वाटेत एखादा फाटला तर दोष टपालाचा. आक्काला आधीच सांगून ठेवा.

ता. क. ३. चपला आणि सदरे उद्याच द्या. चष्म्याची घाई करू नका. त्या चार चुका मंगळवारीच दुरुस्त झाल्या. तरी दोन दिवस रिपोर्ट येतोय, एकूण त्रेचाळीस, पास बेचाळीस, नापास एक. ती त्रेचाळिसावी मीच घातलीय, दाजी. ती कधीच पास होणार नाही.