चाकाला मुशीचं तेल

नागाव, ता. अलिबाग, जि. कुलाबा
८ फेब्रुवारी १९५८

तीर्थस्वरूप भावोजींच्या चरणी दिनानाथचे दोन्ही हात जोडून दंडवत. (हात अजून नीट धुतले गेलेले नाहीत, कारण पुढे येईलच.)

आपली आणि ताईची प्रकृती ठीक असेल, आपले गुडघे या थंडीत फार कुरकुरत नसतील, आणि बी.टी. होऊन मास्तरकीला सज्ज झालेल्या आपल्या लेकीने, शकूने सगळ्या गिरगावाला अजून शुद्धलेखन शिकवून संपवले नसेल, अशी आशा करतो. इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत. आपली मोटारही खुशाल आहे. भावोजी, मी सत्याचा उपासक आहे, म्हणून वाक्य सुधारून लिहितो: मोटार आहे.

दोन वर्षांपूर्वी आपण ती काळी गाडी माझ्या वाडीतल्या खोपीत ठेवलीत तेव्हा निक्षून सांगितले होते, की चालव, धू, पण आतल्या यंत्राला हात लावू नकोस. मी ते पाळले. परंतु जानेवारीत पुढच्या डाव्या चाकातून असा आवाज येऊ लागला, की जात्यात कोणी खडे भरडतो आहे. चाक हाताने हलवले तर म्हाताऱ्याच्या दातासारखे डुगडुगे. अलिबागच्या दुरुस्तीवाल्याने ऐकून सांगितले की बेअरिंग गेले, गाडी ठेवून जा, दहा दिवस लागतील. दहा दिवस! आणि त्याच आठवड्यात शिक्षणखात्याचे साहेब रेवसच्या धक्क्यावर उतरून आमच्या शाळेच्या पाहणीला यायचे होते. मुलींचा आठवीचा वर्ग नागावात द्यायचा की नाही, हे या एका माणसाच्या शेऱ्यावर ठरणार होते.

या वर्गासाठी मी तीन वर्षे घसा फोडतो आहे, हे आपण जाणताच. अकरा मुली सातवी होऊन घरी बसल्या आहेत. त्यांतली आक्षीच्या धर्माजी कोळ्याची रंगू तर केंद्रात पहिली आली, आणि आज सुकट निवडते! हायस्कूल अलिबागला. तिथवर मुलीला रोज कोण पाठवणार? जो समाज आपल्या मुलींना सुकटीच्या ढिगाशी बसवतो, तो स्वतंत्र झाला असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. (हे वाक्य मी साहेबांसाठी राखून ठेवले होते. दीड तासाचे भाषण तयार होते. त्यात रोमच्या अध:पतनाला वीस मिनिटे दिली होती.)

तेव्हा मी त्या दुरुस्तीवाल्याला भर बाजारात सांगितले, की स्वत:च्या चाकासाठी दुसऱ्याच्या दारी जाणे ही गुलामगिरीची शेवटची खूण होय, आणि ती मी आज पुसतो. टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्यावर मागे फिरता येत नाही, हा वक्त्याच्या जन्माला लागलेला भोग आहे. लाँचवरच्या एका ओळखीच्याकडून मुंबईहून नवे बेअरिंग मागवले, मोटारदुरुस्तीचे इंग्रजी पुस्तक उघडले आणि खोपीत उतरलो.

पुस्तकाच्या पहिल्याच ओळीत जॅक होता, आमच्याकडे नव्हता. (तो आपल्याबरोबर मुंबईला गेला, यावर मी काही बोलत नाही.) पण धर्माजी आपल्या होडीवरचे सहा गडी घेऊन आला. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, खाली वाकून पाहिले आणि निकाल दिला, "दिनाभाऊ, ही बी होरीच हाय. फकस्त पान्याला भेते." मग होडी किनाऱ्यावर ओढतात तसा ओंडका खाली घालून, एका आवाजात आरोळी देऊन त्यांनी गाडीचा डावा खांदा असा उचलला, की मला क्रांती म्हणजे काय ते समजले. (पहिल्या आरोळीला त्यांनी चुकून पाठीमागची बाजू उचलली. ती त्यांनी सन्मानाने परत ठेवली.)

पुढचे काम मी केले. मी! टोपण काढले, पिन काढली, नट सोडवला, ड्रम ओढून घेतला आणि आतून ते जुने बेअरिंग माझ्या तळहातावर पडले. त्याच्या गोळ्यांना खड्डे पडले होते आणि कडे निळे-काळे झाले होते. इतकी वर्षे आपला सगळा भार याच्यावर होता आणि आपण याचे नावही घेत नव्हतो. माझे डोळे भरून आले. जगातल्या सर्व कष्टकऱ्यांवर मी तिथेच बोलायला उभा राहिलो, पण धर्माजी म्हणाला, "आदी चाक बशवा, मंग रडा." जुनी कडी ठोकून काढली, नवी ठोकून बसवली, सगळे रॉकेलने धुतले. आणि मग कळले, की नव्या बेअरिंगमध्ये दाबून भरायचे ग्रीस मी आणलेच नाही. सौ. दारात उभी होती. ती म्हणाली, "भाषणाला वंगण लागत नाही, चाकाला लागतं."

धर्माजी मात्र डगमगला नाही. त्याने घरून डबा आणला: मुशीचं तेल. मुशी म्हणजे तो दातवाला मोठा मासा. त्याच्या काळजाचे तेल काढून हे लोक होडीला चोपडतात, मग खाऱ्या पाण्याची काय बिशाद लाकूड कुजवायची! "बारा म्हैने दर्यात ऱ्हाती होरी, काय झालं तिला?" या प्रश्नाला माझ्या पुस्तकात उत्तर नव्हते. शिवाय परदेशी ग्रीसपुढे आपल्या दर्याचे तेल, ही कल्पनाच इतकी तेजस्वी होती, की मी दोन्ही हातांनी ते भरले आणि उरले तेही ओतले.

तीन तारखेला साहेबांना आणायला रेवसला निघालो. चाक मुके! लोण्यासारखे! चोंढीला एक मांजर मागे लागले, ते मी शुभ मानले. परतताना लाँचच्या हेलकाव्यांनी आधीच हिरवे पडलेले साहेब माझ्या शेजारी बसले (देशावरचे, शाकाहारी, अत्तराचा रुमाल), आणि तेव्हा मात्र चाक तापू लागले. तेल पातळ झाले, ड्रममध्ये उतरले, ब्रेकने त्याला फोडणी दिली. भावोजी, तो वास मी वर्णन करणार नाही. अलिबाग ओलांडेपर्यंत मागे सात मांजरे आणि वर कावळे होते. ब्रेक दाबला तर गाडी विचार करून थांबे. गावाबाहेर शेवटी साहेब उतरले. एस.टी. नुकतीच गेली होती. रुमालामागून ते एवढेच म्हणाले, "मी चालत येतो."

मीही गाडी बाजूला लावून उतरलो, आणि रोमपासून सुरुवात केली. त्यांनी हात वर केला. "चालताना बोलू नका. दम लागतो." साडेचार मैल, भावोजी! ऊन, धूळ आणि मी गप्प. आक्षीला धर्माजीच्या ओटीवर ते घाम पुसत टेकले. रंगूने पाणी दिले. त्यांनी विचारले, मुलींना अलिबागला शिकायचे तर याच वाटेने जावे लागेल काय? ती म्हणाली होय. "वर्षाचे किती मैल होतात?" त्यांनी सहज विचारले. (साहेब झाले तरी मास्तरच, सवय असते.)

"शाळा किती दिस?"

"धर दोनशे वीस."

"जाऊन येऊन नऊ मैल. एकोनीसशे ऐंशी." आणि तांब्या उचलता उचलता म्हणाली, "पन आमी जातच न्हाय साहेब. म्हंजी शून्य."

 साहेबांनी वही मागितली आणि तिथेच, सुकटीच्या शेजारी बसून, रुमाल खिशात ठेवून, शेरा लिहिला. जूनपासून वर्ग मंजूर! काल कागद आला. मी सारा गाव गोळा करून दीड तासाचे भाषण केले, रोमसकट.

ताईला नमस्कार. गाडी दोन बैलांनी सुखरूप घरी आली आहे.

आपला
दिनानाथ

ता. क. १ : मंजुरीला एक अट आहे. वर्गाला बी.टी. झालेली बाई हवी, आणि तिचे नाव आठ दिवसांत कळवायचे आहे, नाहीतर वर्ग परत. शकू हवापालटासाठी आठ दिवस इकडे येत असल्याचे आपण लिहिलेच आहे. मुंबईत आपण तिच्यासाठी जागा पाहता आहात हेही मी जाणतो. पण मुंबईत मास्तरणींचा तुटवडा नाही. तिला एक वर्ष इथे राहू द्या. हे पत्र खरे म्हणजे एवढ्यासाठीच लिहिले. चाकाचे मी दोन ओळींतही सांगितले असते.

ता. क. २ : पत्र बंद करतो आहे तोच शकू दुपारच्या लाँचने आली. मास्तरणीच्या जागेचा अर्ज मेजावर होता, त्यावर तिने येताच सही केली, मी विचारायच्या आधी. तिची ट्रंक मी आणि धर्माजीने मिळून उचलली. आत पाऊसकाळची छत्री, चार जाड लुगडी, वर्षभर पुरेल एवढे मेतकूट आणि गोधडी आहे. हे सगळे ताईने स्वत: भरून दिले, असे ती म्हणते. आठ दिवसांसाठी कोणी गोधडी देत नाही, भावोजी. तेव्हा मला नकार लिहिण्यापूर्वी एकदा स्वयंपाकघरात विचारून घ्यावे.