कापडी नकाशाची मागची बाजू

बर दुबई, ३ मार्च १९९७

चि. सूर्यकांतास वसंतदादाचे अनेक आशीर्वाद.

उत्तराला दोन महिने उशीर झाला, माफ कर. पत्र तीनदा लिहून तीनदा फाडलं. कोर्टात आपण समोरासमोर असलो तरी तू माझा धाकटा चुलतभाऊ. तुझ्यापासून लपवणं जमत नाही.

झरा कुणाचा ते ठरवायला कोर्टाने मागितलेला कापडी नकाशा माझ्या ट्रंकेतून इकडे आला आहे. आपल्या दोन पूर्वजांच्या शिवेच्या तंट्यात गोतसभेपुढे, म्हणजे जुन्या पंचांपुढे काढलेला, तोच. शिवेची शेंदरी रेघ पुसट झालेली. जज्जसाहेबांना दिसावी म्हणून नातीच्या, पर्णिकाच्या, निळ्या स्केचपेनने गिरवली. नकाशातल्या आंब्याच्या झाडापुढे रेघ दिसेना, म्हणून आठवेल तशी ओढली. झरा माझ्या बाजूला आला! पर्णिका इंग्रजीत म्हणाली की आजोबांनी चीटिंग केलं. मुलगा सिद्धार्थ म्हणाला, बाबा, खलास, आता खोटा पुरावा म्हणतील.

झरा गेला तर गावी एकट्या राहणाऱ्या माझ्या बहिणीने, कृष्णाक्काने पाणी कुठून आणायचं, या धास्तीनेच मी दावा लढवतो. पण हे मुद्दाम केलं नाही रे. चौथी शिकलेल्या माणसाची घाई. माया आटू देऊ नकोस.

तुझा,
वसंतदादा

वाई, १९ मार्च १९९७

ती. वसंतदादांस सूर्यकांतचा शि. सा. न.

माझ्या पाटीवर रेघोट्या ओढायची तुमची सवय अजून गेली नाही तर! माझी बायको अस्मिता म्हणते, दादांना कोर्टात नको, चित्रकलेच्या परीक्षेला बसवा. आमचे वकील मात्र खूश, म्हणाले दावा जिंकलाच. त्यांना गप्प केलं.

जुना रंग कापडात मुरतो. आपल्या आजोबांनी नकाशाच्या मागे चिकटवलेला कागद ओला करून हळूच सोडवा. मागे जी रेघ दिसेल ती मला मान्य. तुम्हीही मान्य करा. औषध वेळेवर घ्या.

आपला,
सूर्यकांत

बर दुबई, ६ एप्रिल १९९७

चि. सूर्यकांतास आशीर्वाद.

कागद सोडवला. शेंदरी रेघ मागे काल काढल्यासारखी स्पष्ट आहे. झरा तुझा.

सिद्धार्थ म्हणाला, कागद परत चिकटवू, कोण बघतंय. मी म्हटलं, मला आधी सूर्यकांताला तोंड दाखवायचंय, कोर्टाला मागाहून. तारखेला नकाशा घेऊन येतो. निळी रेघ माझी, शेंदरी खरी, असं सांगेन. तेव्हा माझ्याजवळ उभा राहा.

आता हक्काने नाही, हात पसरून विचारतो. कृष्णाक्काला तिथून हंडा भरू देशील ना? तिला अजून काही कळवलेलं नाही. तुझं पत्र आल्यावरच कळवीन, म्हणून लवकर लिही.

तुझा,
वसंतदादा